मासे आणण्यापूर्वींचे चाळीस दिवस

आमच्या एका वाचक भगिनींनीं गेल्या महिन्यांत पत्रानें एक प्रश्न विचारिला आहे. नातवंडांच्या हट्टास्तव त्यांच्या घरीं मासे पाळण्यासाठीं कांचेची पेटी आली. दुकानदारानें रेव, झाडें, पंप आणि सहा मासे असा सगळा संसार एकाच फेरींत दिला आणि 'संध्याकाळीं पाणी भरा, रात्रीं मासे सोडा' असें सांगितलें. पाणी आरशासारखें स्वच्छ होतें, खाणें वेळेवर पडत होतें. तरी आठव्या दिवशीं चार मासे गेले आणि दहाव्या दिवशीं उरलेले दोन. धाकटी नात दोन दिवस धड जेवली नाहीं. तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं तिची समजूत घातली कीं, घरावर येणारें संकट माशांनीं आपल्या अंगावर घेतलें. भगिनी विचारतात, यांत तथ्य किती?

तथ्य नाहीं. ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकूं येते, आणि सांगणाऱ्यांचा हेतु मुलांचें सांत्वन करण्याचा असतो, हें आम्ही जाणतों. परंतु तिच्यामुळें एक हानि होते. संकट टळल्याचें समाधान मानून लोक चार दिवसांत आणखी सहा मासे आणतात, आणि तेहि त्याच वाटेनें जातात. त्या माशांस कोणाची दृष्ट लागलेली नव्हती. ते आपल्याच मलानें विषारी झालेल्या पाण्यांत गुदमरून मेले. तें विष डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच. तें कोठून येतें आणि त्याचा बंदोबस्त मासे आणण्यापूर्वींच कसा करावा, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

मासा जेथें राहतो तेथेंच श्वास घेतो, तेथेंच खातो आणि तेथेंच मलविसर्जन करतो. अन्नांतील प्रथिनें पचून जें नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य उरतें, तें तो मुख्यतः आपल्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. न खाल्लेलें अन्न व कुजलेलीं पानें यांपासूनहि शेवटीं अमोनियाच निघतो. नदींत किंवा तळ्यांत पाणी अफाट आणि मासे विरळ. तेथें हें द्रव्य कोठल्या कोठें जिरून जातें. पेटींत पन्नास लिटर पाण्यांत सहा जीव कोंडिलेले असतात. अमोनियानें कल्ल्यांचा दाह होतो, आणि पाणी जितकें उष्ण व क्षारधर्मी असेल तितका तो अधिक जहाल होतो. लिटरमागें एक-दोन मिलिग्रॅम अमोनिया असला तर आपल्या नाकास तो कळतहि नाहीं. माशाचा प्राण जाण्यास तेवढा पुरेसा होतो.

निसर्गांत या विषाचा निकाल लावणारे सूक्ष्मजंतु असतात. एका जातीचे जंतु अमोनियावर उपजीविका करून त्याचें नायट्राइट बनवितात. हें नायट्राइटहि विषच आहे. तें रक्तांत शिरलें म्हणजे रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति जाते, आणि मासा पाण्याच्या पृष्ठभागीं येऊन धापा टाकूं लागतो. दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी. थोडें वनस्पति शोषून घेतात, उरलेलें आठवड्यास कांहीं पाणी बदलल्यानें निघून जातें. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचें सर्व काम एकट्यानेंच करणारे जंतुहि असतात असें २०१५ सालीं आढळून आलें. पण गृहस्थाच्या दृष्टीनें त्यामुळें व्यवहारांत कांहीं फरक पडत नाहीं.

फरक पडतो तो एका गोष्टीनें, आणि तीच या लेखांतील मुख्य गोष्ट आहे. हे जंतु फार सावकाश वाढतात. दुधास विरजण लाविलें कीं रात्रींतून दहीं होतें, कारण विरजणांतील जंतु घटका-दोन घटकांत दुणावतात. या जंतूंस एकदां दुणावण्यास अनुकूल स्थितींतहि बहुधा अर्धा दिवस, एक दिवस, किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नव्या पेटींत ते जवळजवळ नसतातच. म्हणून पहिल्या दिवशीं मासे सोडले तर विष पहिल्या दिवसापासून सांचूं लागतें, आणि त्याचा निकाल लावणारे मात्र महिन्याभरानें येतात. आठवा दिवस आणि दहावा दिवस यांचा उलगडा यांतच आहे.

या शोधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो थोडक्यांत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं तेथील रसायन परिषदेपुढें एक निबंध ठेविला. त्यानें कांचेच्या पात्रांत दोन लहान सोनेरी मासे आणि फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पति ठेविली होती. वनस्पति प्राणवायु पुरवी, परंतु तिचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. मग त्यानें पाण्यांतील गोगलगाई आणून सोडल्या; त्यांनीं तें कुजकें खाऊन टाकलें, आणि पाणी पुष्कळ काळ न बदलतां मासे जगले. घरगुती मत्स्यपेटीचा आरंभ येथून मानितात. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि इंग्लंडांत घरोघर पेट्यांचें वेडच लागलें.

वॉरिंग्टनला वाटलें कीं, वनस्पति, मासा आणि गोगलगाय एवढ्यांवर समतोल साधतो. त्या पात्रांत चौथा भागीदार होता, तो त्यास दिसणें शक्य नव्हतें. १८७७ सालीं श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी यांनीं भरलेल्या उंच नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपूं दिलें. वीस दिवसपर्यंत कांहींच घडेना; खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडे. त्यानंतर पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें, आणि कांहीं दिवसांनीं अमोनिया नाहींसा झाला. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हां ही क्रिया थांबली. बागेच्या मातीचें धुवण घातलें तेव्हां ती पुन्हां सुरू झाली. अर्थात् हें काम वाळूचें नव्हे, वाळूस चिकटलेल्या सजीवांचें, हें सिद्ध झालें. या संशोधनाचा पाठपुरावा इंग्लंडांत ज्यानें केला आणि ही क्रिया दोन टप्प्यांनीं होते हें दाखविलें, त्याचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापानें पेटी मांडिली आणि ती कां चालते हें पुढें मुलाच्या अभ्यासावरून कळलें. असा योग विद्येच्या इतिहासांत विरळा. या जंतूंस निरनिराळे करून त्यांचें स्वतंत्र अध्ययन १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें केलें.

ते वीस दिवस वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आपल्या घरांतील पेटी म्हणजे तीच नळी होय. तिला त्या दिवसांतून जावेंच लागतें. प्रश्न एवढाच कीं, ते दिवस माशांच्या जिवावर काढावयाचे कीं माशांवांचून. आम्ही माशांवांचून काढण्याच्या पक्षाचे आहों.

आतां पेटीकडे वळूं. शतपथब्राह्मणांतील मनूची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. हात धुण्याच्या पाण्यांत आलेला इवलासा मासा मनूनें आधीं घड्यांत ठेविला, घडा अपुरा पडतांच खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत. कथेचा आध्यात्मिक अर्थ विद्वानांनीं सांगावा. आम्हांस तिच्यांतील व्यवहार फार आवडतो. मासा वाढतो, आणि त्याला ठेवणाऱ्यानें त्याच्या वाढीचा विचार आधीं करावयाचा असतो. दुकानांत बोटाएवढा दिसणारा सोनेरी मासा नीट जगला तर वीतभर होतो. गोल कांचेच्या भांड्यांत त्याला ठेवणें हा केवळ क्रूरपणा होय. पाणी थोडें असलें म्हणजे विषहि झपाट्यानें चढतें व उष्णताहि. म्हणून नवशिक्यानें लहान पेटी घ्यावी हा सल्ला उलटा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच ही पेटी आरंभास योग्य. तींत रेव धरून सुमारें पन्नास लिटर पाणी मावतें.

एवढ्या पाण्याचेंच वजन पन्नास किलो. कांच व रेव मिळून तें सत्तरच्या घरांत जातें. तेव्हां डुगडुगणारें तिवई-टेबल कामाचें नाहीं. खालीं सपाट थर्माकोल घालावा. पेटी प्रथम न्हाणीघरांत किंवा गच्चींत दोन दिवस भरून ठेवून गळते कीं काय तें पाहावें. खिडकींतील ऊन पेटीवर पडूं नये. हिरवें शेवाळ माजतें आणि उन्हाळ्यांत पाणी तापतें. विजेची वायर भिंतीवरील खुंटापर्यंत सरळ नेऊं नये. ती आधीं खुंटाच्या खालीं लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारें पाणी खालींच टपकतें, खुंटांत शिरत नाहीं. आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं बटण बंद करावें. मुलांच्या घरांत हा नियम मोडूं नये.

पेटी, रेव, नळ्या, कांहींहि साबणानें धुऊं नये. आमच्या घरांतील स्त्रीवर्गास हें ऐकून वाईट वाटतें, पण साबणाचा अंश कांचेच्या सांध्यांत राहतो आणि तो माशाच्या कल्ल्यांस बाधतो. रेव बादलींत घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत तांदळासारखी चोळून धुवावी. शोभेस दगड घालावयाचा तर त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेंस आला तर तो दगड चुन्याचा. तो पाणी जड करतो. सह्याद्रीचा काळा दगड निःशंक घालावा. समुद्रावरची वाळू घालूं नये.

आतां पाण्याचें. नगरपालिकेच्या नळास क्लोरीन असतो, तो आपल्या आरोग्यासाठीं. परंतु जे जंतु आपण वाढवूं पाहतों त्यांनाहि तो मारतो, आणि माशांसहि. रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी एक दिवस उघडें ठेविलें किंवा त्यांत हवेचा पंप चालविला तर क्लोरीन उडून जातो. कांहीं ठिकाणीं क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात; तें असें उडत नाहीं. त्यासाठीं दुकानांत मिळणारे थेंब घालावे. त्या थेंबांत बहुधा तेंच द्रव्य असतें, जें पूर्वीं छायाचित्रें धुणारे 'हायपो' म्हणून वापरीत. घरांतील आर. ओ. यंत्राचें पाणी एकटें वापरूं नये. त्यांतून बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, आणि क्षारांवांचून मासेहि नीट जगत नाहींत व कोळंबी तर मुळींच नाहीं.

पाणी भरलें, रेव पसरली, झाडें लाविलीं, गाळणीचा पंप सुरू केला. येथून खरी तयारी सुरू होते. जंतूंना खाणें हवें, आणि त्यांचें खाणें म्हणजे अमोनिया. तो दोन प्रकारें देतां येतो. एक, माशांचें कोरडें खाणें रोज चिमूटभर पाण्यांत टाकावें. तें कुजून अमोनिया सुटतो. दुसरा, सुगंध किंवा साबण न मिसळलेलें अमोनियाचें द्रावण मोजून घालावें. दहा टक्क्यांचें द्रावण असेल तर पन्नास लिटर पाण्यास सुमारें एक मिलिलिटर पुरतें. त्यानें लिटरमागें दोन मिलिग्रॅम एवढें प्रमाण होतें. हा दुसरा मार्ग नेमका खरा, परंतु त्या बाटलीच्या वाफेनें डोळे चुरचुरतात, आणि ती चुकून ब्लीचिंग पावडरीशीं मिसळली तर घातक वायु निर्माण होतो. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें आम्ही चिमूटभर खाण्याचाच मार्ग सांगूं. चार दिवस अधिक लागले तरी चालतील.

याबरोबर पाण्याची परीक्षा करण्याचें किट अवश्य घ्यावें. नळींत पाणी घेऊन थेंब टाकले म्हणजे रंग येतो, तो छापील पट्टीशीं ताडून पाहावयाचा. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट या तिहींची परीक्षा त्यांत असावी. त्याच्यावांचून सर्व कारभार अंधारांत चालतो.

आठवीं-नववींतील मुलाकडे ही वही सोंपवावी असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे. दर दोन दिवसांनीं त्यानें तिन्ही आंकडे टिपून आलेख काढावा. पहिल्या आठवड्यांत अमोनिया चढत जाईल. पाणी कदाचित् दुधाळ दिसेल. घाबरून तें ओतून देऊं नये, तो दुसऱ्या जलद वाढणाऱ्या जंतूंचा गर्दीचा काळ असतो व आपोआप सरतो. मग एके दिवशीं अमोनिया उतरणीस लागेल आणि नायट्राइट उसळी घेईल. हा मधला काळ सर्वांत लांब व कंटाळवाणा. अमोनिया शून्य झाला असें पाहून पुष्कळजण याच वेळीं मासे आणतात आणि फसतात. नायट्राइटची रेषा वर चढलेली असतां धीर धरावा. शेवटीं तीहि खालीं येते, आणि नायट्रेटची रेषा चढते. मोजून अमोनिया घालणाऱ्यांनीं दोन मिलिग्रॅमची मात्रा द्यावी. चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं तर पेटी पक्व झाली. खाणें टाकणाऱ्यांनीं खाणें चालू असतां आठवडाभर दोन्ही शून्य राहतात कीं नाहीं तें पाहावें. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. चाळीस दिवस धरून चालावें.

अमोनिया पांच मिलिग्रॅमवर जाऊं देऊं नये. त्यानें जंतूंचेंच काम मंदावतें. या क्रियेंत आम्ल निर्माण होतें, आणि पाणी फार आम्ल झालें तर ती जवळजवळ थांबते. श्लोसिंगच्या नळींत चुनखडी होती ती येथें उपयोगीं पडते. कोंकणांत जांभ्या दगडांतून येणारें पाणी मऊ असतें. तेथें गाळणींत मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवावे. देशावरील विंधनविहिरींचें पाणी बहुधा आधींच जड असतें, तेथें याची गरज नाहीं.

चाळीस दिवस कमी करण्याचा एक प्रामाणिक उपाय आहे, तो म्हणजे विरजण. कोणा परिचिताच्या जुन्या, निरोगी पेटीच्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा त्याच पाण्यांत ओला ठेवून आणावा व आपल्या गाळणींत बसवावा. त्यानें काळ पुष्कळ घटतो. परीक्षा मात्र त्यानंतरहि करावीच, कारण विरजणाबरोबर रोगहि येऊं शकतो. ज्या पेटींत नुकतेच मासे मेले आहेत तेथील स्पंज घेऊं नये. बाटलींतून विकले जाणारे जंतु कधीं गुण देतात, कधीं देत नाहींत. बाटलीवर 'आजच मासे सोडा' असें लिहिलेलें असलें तरी रंगाच्या नळीनें जें सांगितलें तेंच खरें मानावें.

पेटी पक्व झाली म्हणजे निम्मेंअधिक पाणी बदलून सांचलेलें नायट्रेट काढून टाकावें, आणि दोन-तीनच लहान मासे आणावे. गप्पी मासे आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठीं विहिरींत सोडतात, ते काटक असतात आणि मुलांस आवडतात. पण नर-मादी एकत्र आणलीं तर सहा महिन्यांत पेटी अपुरी पडेल, म्हणून केवळ नर आणावे. जंतूंची संख्या मिळणाऱ्या खाण्याएवढी असते. एकदम दहा मासे सोडले तर पुन्हां तोच प्रसंग. दोन आठवडे जाऊं द्यावे, पुन्हां परीक्षा करावी, मग आणखी दोन. आणि नको झालेले मासे नदींत किंवा तळ्यांत कधीं सोडूं नयेत. पेट्यांतून सुटलेल्या, पेटीची कांच चाटणाऱ्या परदेशी माशांनीं भारतांतील कित्येक जलाशयांत उपद्रव मांडिला आहे.

आतां कोळंबी. हा शब्द वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया चढतील, म्हणून सांगतों कीं ही ताटांतली नव्हे. ती इंचभर लांबीची, गोड्या पाण्यांतील, बहुधा तांबडी, आणि दिवसभर पुढच्या इवल्या पायांनीं पानावरचें कांहींतरी वेंचून खात बसणारी असते. वाती वळीत बसलेल्या आजीची आठवण व्हावी असें तिचें काम चाललेलें असतें. ती वेंचते तो जंतूंचा व शेवाळाचा पातळ थर. तो थर जमण्यास काळ लागतो. म्हणून अमोनिया व नायट्राइट शून्य झालें तरी कोळंबीसाठीं पेटी आणखी महिना-दीड महिना जुनी होऊं द्यावी. गाळणीच्या तोंडास स्पंज बांधावा, नाहींतर पिलें आंत ओढलीं जातात. सोनेरी माशांबरोबर ती ठेवूं नये. तो तिला खाऊन टाकील.

कोळंबीचा सर्वांत मोठा शत्रु आपल्या घरांत मानाच्या जागीं असतो. तो म्हणजे तांबें. तांब्याच्या हंड्यांतील, घंगाळांतील किंवा बंबांतील पाणी या पेटींत एक तांब्याभरहि घालूं नये. गंमत अशी कीं, आपल्या रक्तांत प्राणवायु वाहण्याचें काम लोहाच्या आश्रयानें चालतें, तसें कोळंबीच्या रक्तांत तें तांब्याच्याच आश्रयानें चालतें. परंतु पाण्यांत विरघळलेलें तांबें अत्यल्प प्रमाणांतहि तिला मारतें. गीझरच्या आंतहि बहुधा तांबें असतें, तेव्हां कोमट पाण्यासाठीं तें घेऊं नये. माशांच्या रोगांवरील कित्येक औषधांत आणि शेवाळ मारणाऱ्या द्रवांत मोरचूद असतो. बाटलीवरील घटक वाचल्यावांचून थेंबहि टाकूं नये. पूजेचें ताम्हन पेटीजवळ असेल तर लहान मुलें त्यांतील पळीभर पाणी माशांना 'तीर्थ' म्हणून देतात, हें आम्ही प्रत्यक्ष पाहिलें आहे. त्यांना आधींच समजावून ठेवावें.

दुसरा शत्रु डासांचें औषध. कीटक मारणारीं बहुतेक द्रव्यें कोळंबीस अधिकच मारक होतात, कारण ती कीटकांचीच दूरची आप्त आहे. हवेचा पंप खोलींतील हवा ओढून पाण्यांत सोडतो; त्या खोलींत रात्रभर डासांची वडी किंवा द्रव जळत असेल तर तें सर्व पाण्यांतच जातें. पेटीच्या खोलींत मच्छरदाणी वापरावी. नर्सरींतून आणलेल्या पाणवनस्पतींवरहि फवारणी झालेली असते. त्या वेगळ्या बादलींत दोन-तीन आठवडे ठेवून, अनेकवार पाणी बदलून मग लावाव्या.

तिसरी अडचण उष्णतेची. या कोळंबीस वीस ते सव्वीस अंश मानवतात. तीस अंशांवर ती कासावीस होते. विदर्भ-खानदेशांत वैशाखांत काय होतें तें सांगावयास नको. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा तिरपा लावला तर बाष्पीभवनानें दोन-तीन अंश उतरतात. माठाचें पाणी गार होतें तोच हा न्याय. एवढ्यानें जेथें भागत नाहीं तेथें कोळंबीचा नाद सोडून देणें अधिक दयेचें होईल.

वीज गेली तर काय, असेंहि पुष्कळजण विचारतात. गाळणीच्या स्पंजांतील जंतूंस वाहतें पाणी व प्राणवायु सतत हवा. म्हणून पंप रात्रंदिवस चालावा. वीज कांहीं तासांहून अधिक गेली तर स्पंज काढून पेटींतील पाण्याच्या पसरट भांड्यांत अर्धवट उघडा ठेवावा. हाच स्पंज नळाखालीं धुतला तर चाळीस दिवसांची कमाई एका मिनिटांत जाते. तो धुवावयाचा तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच, हलकेच पिळून. दिवाळीच्या साफसफाईंत पेटी रिकामी करून घासून लखलखीत करण्याची हौस आवरावी. दिवाळींत माशांच्या मृत्यूचें तें एक ठरलेलें कारण आहे. आठवड्यास चौथाई पाणी, तेंहि क्लोरीन घालविलेलें व त्याच उष्णतेचें, एवढेंच बदलावें.

राहतां राहिला आणण्याचा विधि. दुकानाची पिशवी न उघडतां वीस मिनिटें पेटींतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णमान एक होतें. माशांना त्यानंतर थोडें थोडें पेटींतलें पाणी पिशवींत घालून अर्ध्या तासांत सोडतां येतें. कोळंबी याहून नाजूक. तिला भांड्यांत ओतून घ्यावें आणि औषधांच्या दुकानांतून सलाईनची कोरी नळी आणून तिनें पेटींतील पाणी सेकंदास दोन-तीन थेंब या बेतानें भांड्यांत सोडावें. भांड्यांतलें पाणी तिप्पट होईपर्यंत असेंच चालूं द्यावें. तास-दीड तास लागतो. मग लहान जाळीनें कोळंबी उचलून पेटींत सोडावी. दुकानाचें पाणी पेटींत घालूं नये.

पहिल्या एक-दोन दिवसांत पेटीच्या तळाशीं एखादी पांढुरकी, पारदर्शक कोळंबी निश्चल पडलेली दिसली तर मुलांस रडूं देण्यापूर्वीं भिंगानें पाहावें. ती बहुधा पोकळ असते. कोळंबी वाढतांना आपलें कवच टाकते, आणि नवें कवच घट्ट होईपर्यंत पानांआड लपून राहते. टाकलेली कात बाहेर काढूं नये; तींत चुना असतो, आणि एक-दोन दिवसांत कोळंब्याच ती खाऊन टाकतात.